डोंगरातल्या कोठीचा पत्रव्यवहार

ताईंची ओळख आधी डोळ्यांनी झाली. आम्ही दोघी जपानात एका बेंतोच्या कारखान्यात, म्हणजे भात-भाजीचे डबे भरून दुकानांना पुरवणाऱ्या कारखान्यात, सकाळच्या पाळीला अरुबाइतो, म्हणजे तासांवर पगार मिळणारं अर्धवेळ काम, करायचो. डोक्याला जाळी, तिच्यावर टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा कोट. माणसाचे उघडे असायचे ते फक्त डोळे. पट्ट्यावरून डबे सरकत यायचे. ताई भातावर तीळ भुरभुरायच्या आणि त्यांच्या पुढच्या जागेवर मी मधोमध एक उमेबोशी ठेवायचे. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवलेलं लाल, आंबट फळ. फळांचं भांडं रिकामं झालं की हात वर करून ओरडायचं, "नाकुनारिमाश्ता!" म्हणजे संपलं. मग मागून कुणीतरी भरलेलं भांडं आणून ठेवायचं. जपानीतलं बाकी सगळं मी चाचरत बोलायचे, पण हा एक शब्द माझ्या तोंडून खणखणीत निघायचा.

ताई ब्रह्मदेशच्या. आता म्यानमार म्हणतात, पण शाळेत शिकलेलं नाव माझ्या तोंडातून जात नाही. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, फुनाबोरीला एका खोलीत एकट्या राहायच्या. मी जवळच हिगाशी-कसाईला. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी इथल्याच शाळेत. मी पुण्यात एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी करत होते, ती सोडून इथे आले होते. "तुमच्याकडे मोठ्या बहिणीला काय म्हणतात?" असं त्यांनी एकदा विचारलं, मी सांगितलं, आणि तेव्हापासून त्या माझ्या ताई झाल्या. आमच्या दोघींची समाईक भाषा जपानी. त्यांची चांगली, माझी मोडकी.

एक दिवस पाळी सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुला हिंदी लिहिता येतं?"

"येतं की."

"मग माझं एक काम करशील? कामात वाईट काही नाही. पण लढाईचं आहे."

त्यांच्या देशात लष्करानं सरकार उलथवलं, तेव्हा पोरं रस्त्यावर आली. गोळ्या झाल्या. त्यानंतर जी उरली त्यांतली कितीतरी डोंगरात गेली आणि त्यांनी आपलं सैन्य उभं केलं. हे मी बातम्यांत पाहिलेलं होतं, आणि पाहून दुसरं चॅनल लावलेलं होतं. त्या पोरांत ताईंचा धाकटा भाऊ होता. पोर कसला, चाळिशी ओलांडलेला माणूस. गावात लग्नाकार्याला मांडव, खुर्च्या, पातेली भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा होता. बंदूक त्याला धड धरता येत नव्हती. पण लढायला तयार असणारे पुष्कळ होते. शेकडो माणसांचा भात करायला पातेलं केवढं लागतं, मीठ किती, सरपण किती, हे माहीत असणारा तो एकटाच. त्यांनी त्याला कोठी सांभाळायला दिली.

आता त्या डोंगरातून माल मागवायचा तर जवळचा बाजार भारतातला, आपल्या ईशान्येच्या सीमेवरच्या एका गावातला. तिथे एक व्यापारी होता, मूळचा बिहारकडचा, ताडपत्र्या आणि चपला-बुटांचं दुकान असलेला. बाकीचा मालही तो मिळवून द्यायचा. त्याला हिंदी सोडून काही येत नव्हतं आणि भावाला हिंदी येत नव्हती. एखाद्या टेकडीवर चढून फोनला रेंज मिळाली की भाऊ ताईंना बर्मीत लिहायचा. ताई इथल्या आपल्या लोकांकडून पैसे गोळा करून पाठवायच्या. पण नेमकं काय, केवढं, कुठल्या रंगाचं, हे व्यापाऱ्याला समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हिसाचं बघ हं. भलतंसलतं काही नाही ना त्यात?" मी त्याला पहिला निरोप दाखवला. मीठ, सुकी मासळी, दोर, चपला, तापाच्या गोळ्या. त्यानं तो पुन्हा पुन्हा वाचला. "ही तर वाण्याची यादी आहे," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही, पण मी फोन घेऊन बसले की मुलीला घेऊन खाली खेळायला जायचा.

तसा आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. पाळी सुटल्यावर आम्ही नदीच्या बांधावर जाऊन बसायचो. ताई भावाचा निरोप वाचायच्या, जपानीत सांगायच्या, मी हिंदीत लिहायचे. मधल्या मध्ये माझ्या डोक्यात सगळं मराठी व्हायचं. व्यापाऱ्याचं पहिलं उत्तर आलं ते असं: "आप जापान से? महाराष्ट्र की? और माल बर्मा का? चलिए, ठीक है दीदी, दुनिया छोटी है."

मला ते काम आवडायला लागलं, हे लपवून काय करू? पुण्यातल्या स्टोअर्सचे दिवस परत आल्यासारखं वाटायचं. दोर म्हणजे नायलॉनचा की सुती, मेणबत्त्या पावसाळ्याच्या आधी की नंतर, गोणी दोन माणसांना उचलता यावी की एकाला, असले प्रश्न मला आपसूक सुचायचे आणि ताई चकित व्हायच्या. जंगलात चालायचे बूट मागवले तर व्यापाऱ्यानं मोठ्या मापाचे पाठवले. पोरं बारक्या पायांची, त्यांनी पुढे चिंध्या कोंबल्या. हिरव्या ताडपत्र्या मागवल्या तर निळ्या आल्या. भावानं लिहिलं, "निळ्या वरून दिसतात. चिखल फासतोय. पुढच्या वेळी हिरव्या." मी व्यापाऱ्याला जरा कडक शब्दांत लिहिलं. त्यानं हात जोडलेल्या चित्रांची रांग पाठवली.

'वरून दिसतात' हे हिंदीत लिहिताना माझा हात थांबला होता. तोवर ते मला एखाद्या मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरासारखं वाटत होतं. तो भात खाऊन ती पोरं काय करायला जात होती आणि त्यांच्यावर कोण काय टाकायला येत होतं, हे मला ठाऊक होतं, पण मिठाच्या आणि दोराच्या आड ते झाकलं जायचं. ताईंना मी एकदा विचारलं, "तुम्हाला हे बरोबर वाटतं ना, ताई?" त्या नदीकडे बघत म्हणाल्या, "बंदुकीचं मला कळत नाही. माझा भाऊ उपाशी माणसांना वाढतोय, एवढं कळतं." त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

ताईंचं दुःख निराळंच होतं. आई लवकर गेली आणि भावाला ताईंनीच वाढवलं होतं. अंगाखांद्यावर खेळवलेला पोर, आणि आता त्याचे निरोप यायचे ते असे: 'मीठ मिळालं. तापाच्या गोळ्या कमी आहेत. साबण संपला.' ताई विचारायच्या, खोकला कसा आहे? झोपतोस कुठे? जेवलास का? त्याचं उत्तर यायचं, 'दोर हवा.'

"मी याची बहीण आहे की दुकान?" एक दिवस त्या चिडून म्हणाल्या. "फोन उघडला की साबण. मला साबणाचं काय करायचंय? हा कसा आहे ते सांगत नाही."

"वेळ नसेल, ताई. रेंजही मिळत नसेल."

"'दोर हवा' लिहायला वेळ मिळतो. 'बरा आहे' लिहायला मिळत नाही?"

एका हिवाळ्यात त्यांनी मागणीत नसलेला एक लोकरीचा स्वेटर त्याच्यासाठी मुद्दाम पाठवला. निरोप आला, 'स्वेटर एका आजारी मुलाला दिला. एकट्याला काही पाठवू नकोस. वाटता येत नाही.' त्या दिवशी ताई बांधावर आल्याच नाहीत, सरळ घरी गेल्या.

मला तेव्हा एक गोष्ट सुचली. माल घ्यायला भाऊ स्वतः सीमेपर्यंत यायचा, तिथे व्यापारी त्याला भेटायचा. मी मालाच्या निरोपाखाली व्यापाऱ्याला एक ओळ लिहिली: ते कसे दिसतात, तब्येत कशी आहे, तेवढं कळवा, त्यांची बहीण विचारते. चार-सहा दिवसांनी उत्तर आलं. "दुबले हो गए हैं दीदी, पर हँसते बहुत हैं. दाढ़ी बढ़ा ली है. दुकान में चाय पीते हैं, मेरी मिसेज के हाथ की. भाषा समझते नहीं, बस फोन में बहन की फोटो दिखाते हैं सबको."

मी ते जपानीत सांगितलं. ताईंनी परत सांगायला लावलं. दाढीचं दोनदा. "फोटो कुठला?" त्यांनी विचारलं. मी विचारून घेतलं. कारखान्याच्या दारात काढलेला, पांढऱ्या कोटातला. ताईंनी तोंडावर हात घेतला. "शी, तो कशाला दाखवतो," म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.

त्यानंतर आमचे दोन पत्रव्यवहार झाले. एक कोठीचा, एक हा. भाऊ लिहायचा, मेणबत्त्या संपल्या. व्यापारी लिहायचा, आज जिलबी खाल्ली, तीन खाल्ल्या, चौथी बांधून नेली. ताईंचा भावावरचा राग हळूहळू उतरला. तो तसाच कोरडं लिहीत राहिला आणि त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

पावसाळ्यात रस्ते गेले. कित्येक दिवस निरोप नव्हता. मग एकदम मोठी मागणी आली आणि मी ती पाठवली: मीठ, दोर, रेनकोट.

व्यापारी कधी फोन करायचा नाही, लिहायचाच. त्या दिवशी त्याचा फोन आला. माझी सुट्टी होती. मुलगी शाळेत गेलेली, मी दुधाची कागदी खोकी इथल्या रीतीनं कापून, धुऊन कचऱ्यासाठी वाळत घालत होते.

"दीदी, आप बैठी हैं? बैठ जाइए," तो म्हणाला. आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. चांगला वयस्कर माणूस निघाला. "गाड़ी पलट गई. माल लेकर जा रहे थे, पहाड़ की तरफ. सड़क धँस गई. ड्राइवर बच गया, पाँव टूटा है. भाई साहब नहीं रहे." मग म्हणाला, "उनको मैं कैसे बोलूँ? आप ही बोलिए."

मी सायकल काढली आणि फुनाबोरीकडे निघाले. वाटेत ते वाक्य जपानीत जुळवत होते. 'मेला'ला जपानीत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, पण ते कुणाच्या बहिणीला म्हणायचं नसतं एवढंही ठाऊक होतं. माणूस गेल्यावर सभ्यपणे म्हणायचा शब्द म्हणजे तोच, आमचा कारखान्यातला. नाकुनारिमाश्ता. लिहिताना वेगळा लिहितात, ऐकायला एकच. दुसरा मला येत नव्हता. मुलीला विचारता आलं असतं, पण असलं वाक्य लेकीकडून शिकावंसं वाटेना.

ताईंनी दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं होतं. मला अवेळी बघून त्यांना आनंदच झाला.

"व्यापाऱ्याचा फोन आला होता," मी म्हणाले.

"फोन? तो तर लिहितो."

"तुमचा भाऊ..." आणि मी तो शब्द म्हणाले.

"काय संपलं?" त्यांनी विचारलं. "भावाचं काय संपलं?" आणि हात पुसत त्या फोन शोधायला वळल्या, मागणी लिहून घ्यायला.

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्यांना कळलं. त्या खाली बसल्या, दारातच, चपलांच्या जागेवर. मीही त्यांच्याजवळ बसले. गाडी, रस्ता, पाऊस, जमेल तसं सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "माल पोचला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"पोचला," मी म्हणाले. "व्यापारी म्हणाला, लोक दरीत उतरले. गोण्या वर काढल्या."

"आणि तो?"

"त्यालाही."

त्या उठल्या, हात धुतले आणि तांदूळ धुवायला घेतले. कळल्यावर माणसं येतील, त्यांना जेवायला लागेल, म्हणाल्या. मी कांदे चिरले. त्यांनी तांदूळ धुतले, पाणी ओतलं, पुन्हा धुतले, पुन्हा पाणी ओतलं. पाणी केव्हाच स्वच्छ झालं होतं तरी धूतच राहिल्या. शेवटी मी त्यांच्या हातातून भांडं काढून घेतलं, तेव्हा त्या रडल्या. बर्मीत काहीतरी बोलत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता आणि मी मराठीत म्हणत होते, "ताई, ताई, असू द्या, असू द्या." संध्याकाळी माणसं यायला लागली तेव्हा मी घरी गेले. नवऱ्यानं स्वयंपाक करून ठेवला होता. मुलीनं जपानीत विचारलं, आई, काय झालं? मी मराठीत सांगितलं, माझ्या ताईचा भाऊ गेला. ती म्हणाली, "पण तुला ताई नाहीये." नवऱ्यानं तिला हळूच जवळ घेतलं.

सातव्या दिवशी त्यांच्या लोकांच्या विहारात भिक्षूंना जेवण होतं. ताईंनी मला बोलावलं. भिंतीवर भावाचा फोटो लावला होता, दाढीशिवायचा. मला मनात दाढीचा माणूस बघायची सवय झालेली, त्यामुळे तो कुणी परकाच वाटला. तिथे एक तरुण माणूस उभा राहून बोलला. कोणीतरी मला जपानीत सांगत होतं: तो म्हणतोय, आमचा हा भाऊ रणांगणावर पडला, हुतात्मा झाला. ताई जागच्या उठल्या. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाल्या आणि परत बसल्या. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "त्या म्हणतात, तो मीठ घेऊन जाताना गाडी उलटून गेला. तेच सांगा. ते पुरे आहे."

पुढे कोठीवर एक तरुण मुलगी आली. तिकडे कॉलेजात शिकत होती म्हणे. तिचे निरोप ताईंना यायला लागले, आणि ते लांबच लांब असायचे. आज काय शिजवलं, कुणाला ताप आहे, पाऊस कसा आहे, भाऊ सगळ्यांना कसे हसवायचे. ताईंनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं आता आयतं यायला लागलं होतं, आणि त्यांना ते वाचवेना. पहिल्या ओळीपुढे जाता येत नाही, असं मला म्हणाल्या. शेवटी त्यांनी ते काम विहारातल्या त्या तरुण माणसाला देऊन टाकलं. त्याच्या ओळखीत कुणी हिंदी जाणणारं होतं. माझं काम संपलं. व्यापाऱ्यानं एकदा विचारलं, "दीदी, अब आप नहीं लिखेंगी?" मी लिहिलं, "अब दूसरे लिखेंगे." फोन वाजला की मला मात्र अजून वाटायचं, ताडपत्र्या आल्या असतील.

कारखान्यात ताई येत होत्या. तीळ टाकत होत्या. मी भांडं रिकामं झालं की ओरडायचं सोडून दिलं, नुसता हात वर करायचे. सुपरवायझर एकदा रागावला. ताई त्याला म्हणाल्या, "हिचा घसा बसलाय."

असा हिवाळा गेला. बांधावरची चेरीची झाडं फुलून गेली, पाकळ्या पाण्यावर सडून तपकिरी झाल्या, तेव्हा एक दिवस पाळी सुटल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "चल, बसू." आम्ही आमच्या जुन्या जागी बसलो. त्यांनी डब्यातली केळ्याची भजी मला दिली.

"तो ड्रायव्हर," त्या म्हणाल्या. "त्याचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं.

"व्यापाऱ्याला लिही. ड्रायव्हरला म्हणावं, बहिणीच्या मनात काही नाही. रस्ता खचला. तुझी चूक नव्हती. एवढंच लिही."

मी हिंदीत लिहिलं. कितीतरी महिन्यांनी लिहीत होते. व्यापाऱ्यानं लगेच उत्तर दिलं की मी त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवतो, तो आता गाडी चालवत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते लिहिलेलं नव्हतं. आवाज होता. डोंगरातल्या कुठल्याशा बोलीत एक माणूस बोलत होता. सुरुवातीला ठीक बोलला, मग आवाज फुटला, मग नुसता हुंदका, मागे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी बाई त्याला काहीतरी सांगत होती, आणि तो पुन्हा बोलायला लागला. ती भाषा ताईंनाही येत नव्हती. खाली व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, "क्या बोला, मैं पूछकर लिख दूँ?"

मी ताईंना विचारलं. त्यांनी फोन कानाशी धरून ते पुन्हा शेवटपर्यंत ऐकलं.

"नको," त्या म्हणाल्या. "कळलं मला."

वाऱ्यानं भज्यांचा कागद उडाला, तो मी धावत जाऊन पकडला आणि घडी करून पिशवीत टाकला. परत आले तेव्हा त्या फोनकडेच बघत होत्या.

"त्याला विचार," त्या म्हणाल्या, "पाय कसा आहे. चालता येतं का."

मी लिहायला घेतलं.